लोटूचा न दिलेला होकार

लोटूकडे एकोणतीस गाणी होती. तिसावं मावत नव्हतं.

२००४ च्या दिवाळीत त्याचा आतेभाऊ सुनील सुरतहून आला, तेव्हा त्याच्यासाठी एक एमपीथ्री प्लेअर घेऊन आला. अंगठ्याएवढा, चंदेरी रंगाचा, वर दोन ओळी मावतील एवढा पडदा, आत रिमोटला लागतो तसा एक बारीक सेल आणि कानात घालायच्या दोन वायरी. जागा एकशे अठ्ठावीस एमबी. आज हा आकडा ऐकून कुणीही हसेल. माझ्या फोनवर नातीच्या नाचाचा एक व्हिडिओ त्याहून मोठा आहे. पण बुऱ्हाणपुरातल्या आमच्या राजपुऱ्यात तेव्हा कॅसेटचे दिवस पुरते सरले नव्हते. आत कॅसेट नाही, सीडी नाही, फिरणारं काहीच नाही आणि तरी गाणं वाजतंय, हे पाहायला लोटूच्या दारात आठवडाभर माणसं येत होती.

लोटू पावरलूमवर कामाला होता. वय एकतीस, अंगाने सडसडीत, लग्न झालेलं नाही. घरात तो आणि त्याची आई गोदाबाई, दोघंच. त्यांच्याच गल्लीत विणकर सहकारी समितीची कचेरी आहे आणि तिथे मी कारकून आहे. येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. त्या काळी सगळ्या गल्लीत कॉम्प्युटर एकच होता, तो आमच्या कचेरीत, आणि त्याला हात लावण्याची परवानगी मला एकट्याला होती. त्यामुळे लोटूच्या प्लेअरमध्ये गाणी भरण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते. त्या दिवशी अकराच्या सुमाराला लोटू कचेरीत यायचा. बाजारातून आणलेली एखादी सीडी हातात असायची. सीडीवर दीडशे गाणी, त्यातलं त्याला हवं असायचं एक. आणि ते आत घालायचं तर आतलं एक बाहेर काढावं लागायचं. मी बी.कॉम. झालेला माणूस. मी त्याला सरळ उपाय सांगितला.

"हे बघ लोटू, जे आधी आलं ते आधी बाहेर. गोदामाचा नियमच आहे तो."

"बाबूजी, ते मालाचं झालं. गाणी काय सडू राहिली का?"

मग तो माझ्यासमोर स्टुलावर बसून एकेक गाणं ऐकायचा आणि कुणाला काढायचं ते ठरवायचा. ऐकता ऐकता त्या गाण्यावर पुन्हा जीव जडायचा. एकदा लागोपाठ चार शुक्रवार आला आणि काहीही न बदलता परत गेला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची, ती त्याला वाचता येत नव्हती. म्हणून मी प्रत्येक गाण्याला एक ते एकोणतीस असे नंबर दिले आणि एका पुठ्ठ्यावर यादी करून दिली. तो पुठ्ठा त्याच्या सदऱ्याच्या खिशात असायचा.

गाणी निवडायची त्याची रीतही निराळी होती. लूमचा धोटा मिनिटाला सव्वाशे-एकशेतीस वेळा इकडून तिकडे जातो. त्या खटखटीत गाणं नुसतं ऐकू येऊन भागत नाही, ते लूमच्या ठेक्यात बसावं लागतं. "नाही बसलं ना बाबूजी, तर एका कानात सासू अन् दुसऱ्या कानात सून बसली असं वाटतं." त्यामुळे त्याच्या यादीत खानदेशी बँडवरची लग्नाची गाणी भरपूर, काही जुनी सिनेमाची, दोन कव्वाल्या, आणि एक भजन. भजन तसं संथ होतं. पण दुपारी व्होल्टेज पडलं की लूम मंदावायचा आणि तेव्हा ते बरोबर बसायचं. भजनासाठी लोटू व्होल्टेज पडायची वाट पाहायचा. अख्ख्या बुऱ्हाणपुरात असा माणूस तो एकटाच असेल.

कारखान्यात रुईचा भुसा सगळीकडे उडत असतो. म्हणून गोदाबाईने पातळ कापडाची छोटी पिशवी शिवली होती. तिला नाडी लावून लोटू प्लेअर गळ्यात अडकवायचा. संपलेले सेल गच्चीवर उन्हात ठेवायचा, म्हणजे आणखी तासभर चालतात असं त्याचं म्हणणं. गल्लीतल्या म्हाताऱ्या मात्र हळहळल्या. लूमवर राबून माणसं बहिरी होतात हे सगळ्यांना माहीत. लोटूच्या कानात वायरी पाहून त्यांना वाटलं, एकतिशीतच पोराला कानाची मशीन लागली. त्या त्याच्याशी ओरडून बोलायला लागल्या. लोटू आधीपासून ओरडूनच बोलायचा, त्यामुळे त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

तो प्लेअर पुढे सहा वर्षं चालला. मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या माघ महिन्यातलं.

ज्यांनी चालू पावरलूमचा कारखाना पाहिला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आत बोललेलं ऐकू येत नाही. सगळा व्यवहार खुणांनी चालतो. मूठ तोंडाशी नेली की चहा. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. डोक्याभोवती हात फिरवला की शेठ आला. आणि मान खाली-वर केली की हो. ही मान फार महत्त्वाची. "तुझा लूम बंद करू का", "माझी पाळी घेशील का" अशा सगळ्या गोष्टी मानेवर ठरतात आणि मग कुणी फिरत नाही.

चुडामण नाना लोटूच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेले लूम दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात लग्नं जमवायचे. त्यांच्या मेहुण्याची, कौतिकभाऊंची मुलगी गायत्री सव्वीस वर्षांची होती. इच्छापूर रोडवरच्या एका गावात राहायची. नानांच्या मनात ती लोटूसाठी होती. लोटूला लग्नाचं विचारलं की तो "पाहू पुढच्या वर्षी" म्हणायचा. असं सात वर्षं चाललं होतं.

त्या दिवशी नाना चार लूम पलीकडे उभे होते. त्यांनी लोटूकडे बोट केलं. मग गळ्याभोवती हात फिरवून मंगळसूत्र दाखवलं, इच्छापूर रोडच्या दिशेला अंगठा केला आणि भुवया उंचावल्या, म्हणजे "काय म्हणतोस?"

लोटूच्या कानात सतरा नंबर चालू होतं. बँडवरचं, वरातीचं. तो नानांच्या मागच्या लूमचा धागा पाहत होता, असं तो आजही शपथेवर सांगतो. नानांना दिसलं ते असं की लोटू थेट त्यांच्याकडे पाहतोय, गालात हसतोय आणि मान हलवतोय. हो म्हणायला एकदा मान पुरते. लोटूने ती गाणं संपेपर्यंत हलवली.

नानांनी संध्याकाळी राजघाटाकडच्या एसटीडीवरून मेहुण्याला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी गोदाबाईच्या हातावर साखर ठेवली. गोदाबाईने तीच साखर सगळ्या गल्लीत वाटली. लोटूला कळलं ते रात्रीच्या जेवणात, ताटात शिरा दिसल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कचेरीत आला. तेव्हा शुक्रवार नव्हता, म्हणून मीच दचकलो.

"बाबूजी, घात झाला. मी हो म्हटलंच नाही अन् माझं लग्न जमलं."

सगळी हकीकत ऐकून मी म्हटलं, "मग नानांना सांग, मी गाणं ऐकत होतो."

"सांगितलं ना. नाना म्हणे, चौदा जणांनी तुझी मान पाहिली. आता पलटला तर उद्या कारखान्यात तुझ्यावर भरोसा कोण करेल?"

"ते जाऊ दे. तुला लग्न करायचं नाही, तर नाही म्हण."

लोटू नेहमीपेक्षा थोडं कमी ओरडून म्हणाला, "त्या पोरीचं काय, बाबूजी? तिले आधी तिघं पाहून गेले. तिघांनी नाही म्हटलं. का तर आवाज मोठा हाये. अंगणवाडीत पस्तीस पोरं सांभाळते, आवाज मोठा नसेल तर काय होईल? अन् आता तिच्या बापानं साऱ्या भाऊबंदात सांगितलं, की या पोरानं एक सवाल नाही केला, खुशीखुशीत हो म्हटलं. मी नाही म्हटलं तर ती चौथी वेळ होईल."

त्याने स्वतःच मार्ग काढला होता. नानांनी ठरवल्याप्रमाणे शुक्रवारी मुलगी पाहायला तिच्या गावी जायचं, तिला एकटीला गाठून खरं सांगायचं, आणि मग तिनेच मुलगा नापसंत म्हणून टाकायचं. म्हणजे तिची इज्जत राहील आणि हाही सुटेल. मला त्यात खोट दिसली नाही.

शुक्रवारी आम्ही जीपने निघालो. नाना, गोदाबाई, लोटू आणि लिहिण्यावाचण्यातला माणूस बरोबर असावा म्हणून मी. कौतिकभाऊंचं घर केळीच्या बागेला लागून होतं. त्यांनी लोटूच्या गळ्यातली पिशवी पाहिली आणि काळजीने, मोठ्याने विचारलं, "जावईबापू, किती कमी ऐकू येतं? जन्मापासून का नंतर?"

"मले सगळं ऐकू येतं! ही गाण्याची मशीन हाये!" लोटू म्हणाला. आतून कुणीतरी हसलं. ते हसणंही चांगलं ऐकू येण्याजोगं होतं.

ती गायत्री. पोहे घेऊन आली, ठेवले, आणि मान खाली वगैरे न घालता लोटूला नीट पाहून घेतलं. थोड्या वेळाने नानांनी दोघांना मागच्या ओट्यावर बोलायला पाठवलं. आम्ही पुढच्या खोलीत, बायका स्वयंपाकघरात. मध्ये एक भिंत.

लोटूच्या योजनेत एकच चूक होती, आणि ती मला तेव्हाच सुचायला हवी होती. बारा वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. त्याला वाटतं तो कुजबुजतोय.

"हे पाहा, कोणाले सांगू नका!" ओट्यावरून आवाज आला. "मी हो म्हटलंच नव्हतं! मी गाणं ऐकत होतो!"

कौतिकभाऊंची बशी तोंडाशी जाता जाता थांबली. गोदाबाईने पदराचं टोक तोंडात धरलं. नाना छताकडे पाहायला लागले, जणू तिथला पंखा दुरुस्तीला आलाय. मी पोह्यातला शेंगदाणा चावावा की नाही या विचारात पडलो.

मग गायत्रीचा आवाज आला. तिनेही लहान केला नव्हता.

"कोणतं गाणं?"

"सतरा नंबर."

"म्हणजे?"

"हे घ्या, ऐका."

बराच वेळ काही नाही. मग ती म्हणाली, "यावर मान हालली? किती वेळ?"

"साडेचार मिनिटं."

"पोळ्याचा बैल पण एवढा हालत नाही."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. कौतिकभाऊ उठायला लागले, तशी नानांनी त्यांची मांडी दाबली.

"तुम्ही असं करा," लोटू ओरडून कुजबुजला, "मुलगा आवडला नाही म्हणून सांगा. नाव माझ्यावर येऊ द्या. तुमच्यावर काही येणार नाही."

"मी काय सांगायचं ते मी ठरवीन. तुम्ही तुमचं सांगा. हे कानातलं काढा आधी. हं. आता हो का नाही?"

शेतातली मोटार चालू होती तेवढी.

"आता... आता विचाराल तर हो."

"आत्ता तर नाही म्हणायला आले होते तुम्ही!"

"आलो होतो ना. पण तेव्हा तुम्हाले पाहिलं नव्हतं!"

स्वयंपाकघरातल्या बायका आता उघड हसत होत्या. गोदाबाईचा पदर तोंडातून सुटला होता. गायत्रीचा आवाज मात्र तसाच राहिला. "बरं. तुमचं झालं. पण मले तर अजून कोणी विचारलंच नाही. मी आधी तुमचं घर पाहीन अन् ते लूम पाहीन. मग सांगीन."

आम्ही नारळ न घेताच परतलो. जीपमध्ये नाना गुरगुरत होते. "लोक पोरीले लपूनछपून सांगतात, यानं तर गावाले सांगितलं." लोटूला काही ऐकू येत नव्हतं, आणि त्याच्या कानात काही घातलेलंही नव्हतं.

कौतिकभाऊंकडचे लोक बुधवारी घर पाहायला येणार होते. मधल्या दिवसांत लोटूची दशा पाहण्यासारखी होती. जो माणूस नाही म्हणायला गेला होता, तो आता तिच्या होकारासाठी दिवस मोजत होता. सोमवारी तो दुपारच्या सुट्टीत कचेरीत आला आणि प्लेअर माझ्या टेबलावर ठेवला.

"सतरा नंबर काढून टाका."

"आणि त्याच्या जागी?"

"काही नाही. जागा रिकामी राहू द्या."

अडीच-तीन महिन्यांत असं पहिल्यांदाच घडत होतं. मी विचारलं, "तिने काढ म्हटलं का?"

"नाही. पण बैल म्हणाली."

"आज कॉम्प्युटर बंद आहे," मी म्हटलं. तो माझ्या पाठीमागे चालू होता. लोटूने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि प्लेअर उचलून निघून गेला. मी खोटं का बोललो ते मला सांगता येणार नाही. कामाच्या बाबतीत मी एरवी तसं करत नाही.

बुधवारी बाराच्या बसने गायत्री, तिचे वडील आणि एक मावशी असे तिघं आले. घर दहा मिनिटांत पाहून झालं. दोन खोल्या, वर गच्ची. गच्चीवर ओळीने मांडलेले सेल पाहून मावशीने विचारलं, "हे पापड कशाचे?" मग सगळे कारखान्यात गेलो.

सोळा लूम चालू होते. कौतिकभाऊंनी दारातच कानांवर हात ठेवले आणि ते शेवटपर्यंत काढले नाहीत. गायत्री मात्र आत शिरली. लोटू तिला खुणांनी सांगायला लागला. हा धोटा, ही सुताची कांडी, हा उभ्या धाग्यांचा ताणा. तिला निम्मं कळत नव्हतं, पण ती हसून हसून पुन्हा विचारत होती, आणि तोही त्याच खुणा आणखी मोठ्या करून दाखवत होता. मग त्याने गळ्यातली पिशवी काढून तिच्यासमोर धरली. तिने आधी नको केलं. नंतर घेतली. लोटूने पुठ्ठ्यावरच्या एका नंबरावर बोट ठेवलं. कोणता ते मला लांबून दिसलं नाही. ती लूमकडे पाहत ऐकत राहिली. एक गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याचा नंबर तिने स्वतः दाखवला.

मला तेव्हा कळलं की हा माणूस दिवसाचे दहा तास काय ऐकतो ते याआधी मलाही ठाऊक नव्हतं. मी ती गाणी कचेरीतल्या शांततेत ऐकली होती. ती तिथली नव्हतीच.

नानांना दम निघेना. त्यांनी पलीकडून हात वर केला, गायत्रीकडे बोट केलं, लोटूकडे केलं, गळ्याभोवती हात फिरवला आणि भुवया उंचावल्या. चौदाच्या चौदा कारागीर पाहायला लागले. लोटूचा चेहरा कोऱ्या कापडासारखा पांढरा पडला.

गायत्रीने कानातल्या वायरी काढल्या. मान जराही हलू न देता, डोक्यावर पाण्याची घागर असल्यासारखी ती सरळ नानांपर्यंत चालत गेली. त्यांच्या कानाशी काही बोलली. त्यांना ऐकू आलं नाही. तेव्हा तिने भिंतीवरच्या मोठ्या स्विचकडे बोट केलं.

नानांनी शेठच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि स्विच खाली ओढला.

सोळा लूम एकामागून एक थांबले. कामाच्या वेळी, वीज असताना, तो कारखाना मी पहिल्यांदाच गप्प झालेला पाहिला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी ऑटोवाल्याशी घासाघीस करत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

"ऐका सगळ्यांनी," गायत्री म्हणाली. तिला आवाज चढवावाच लागला नाही. "मले हे पसंत हायेत. माझ्या तोंडानं सांगू राहिली. नंतर कोणी म्हणायचं नाही की हिनं खूण केली अन् आम्हाले असं वाटलं."

त्यावर जो गलका झाला तो लूमच्या वरताण होता. कौतिकभाऊ, कानांवर हात तसेच ठेवून, "काय म्हणाली? काय म्हणाली?" विचारत राहिले. मावशीने त्यांचे हात ओढून खाली केले आणि सांगितलं. लोटू होता तिथेच उभा, तोंड उघडं.

तेवढ्यात मालक सखाराम शेठ चपला हातात घेऊन जिन्यावरून धावत आले. "का रे? लाइट गेली का?"

"नाही शेठ," नाना म्हणाले, "आली."

शेठना समजावून सांगेपर्यंत अकरा मिनिटं गेली. मी घड्याळ पाहिलं होतं. शेठ रागावले नाहीत, पेढे मागवले. मग नानांनी स्विच वर केला आणि लूम पुन्हा सुरू झाले. फक्त लोटूने आपला लूम चालू करताना धोटा नीट बसलाय का ते पाहिलंच नाही. तो ताण्यात मध्येच अडकला आणि दीडशेएक धागे एका दणक्यात तुटले.

नानांनी कपाळावर हात मारला. तुटलेले धागे एकेक करून हाताने जोडायचे, म्हणजे संध्याकाळपर्यंतची निश्चिंती. लोटू लूमखाली वाकून बसला. गायत्रीने पदर खोचला, समोरच्या बाजूला बसली, आणि नानांकडून ती गाठ कशी मारायची ते शिकून घेतलं. पहिल्या काही गाठी सुटल्या, पुढच्या टिकल्या. दोघं काहीतरी बोलत होते, म्हणजे ओरडत होते, पण त्या आवाजात आम्हाला एक अक्षरही कळलं नाही.

इच्छापूरची साडेचारची बस कौतिकभाऊंनी सोडली. साडेपाचचीही सोडली. सहा वाजता ते माझ्या शेजारच्या बाकावर बसले, खिशातून तंबाखूची डबी काढली आणि म्हणाले, "बाबूजी, शेवटची बस किती वाजता असते हो?"